पावसाळा, मागची काच आणि एक हट्टी प्रोफेसर

गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवारी संध्याकाळी साताऱ्याहून पुण्याला परत येत होतो. खंबाटकी घाटात जो पाऊस लागला तो थेट कात्रजपर्यंत पाठ सोडायला तयार नाही. ट्रकच्या मागे ट्रक, आणि प्रत्येकाच्या चाकातून उडणारं तांबडं पाणी. पुढची काच वायपर बिचारा पुसत होता. मागची काच मात्र शिरवळ यायच्या आधीच चिखलाने लिंपून गेली होती. मागच्या वायपरची कांडी ओढली. वायपर फिरला, पण पाणी काही आलं नाही. कोरड्या चिखलावर रबर फिरलं की काय होतं ते तुम्हाला माहीत असेलच. आधी निदान ठिपके होते, आता छान एकसारखा लेप बसला.

म्हटलं जाऊ दे, मागे बघायचंय कुणाला? पुढे बघून चालवतोय ना!

सोसायटीत पोचलो तेव्हा आठ वाजून गेले होते. माझ्या पार्किंगमध्ये गाडी उलटीच घालावी लागते. (रिव्हर्स कॅमेरा वगैरे चोचले माझ्या जुन्या हॅचबॅकमध्ये नाहीत.) दोन्ही बाजूंच्या आरशांत बघून रिव्हर्स टाकला, गाडी हातभर मागे गेली असेल नसेल, तेवढ्यात डिकीवर धाड धाड थापा पडल्या. "ओ साहेब, थांबा! थांबा!" आमचे वॉचमनकाका छत्री टाकून धावत आले होते. उतरून पाहिलं तर मागे तिसऱ्या मजल्यावरचा पाच-सहा वर्षांचा पोरगा, सायकलवर, रेनकोट घालून उभा. गाडी आणि त्याच्यामध्ये फार तर दोन फूट. तो माझ्याकडे बघून हसत होता. मला मात्र घाम फुटला होता.

त्या रात्री झोप लागली नाही. आणि झोप लागली नाही की आम्ही सॉफ्टवेअरवाले काय करतो? बग शोधतो. वायपर चालतो, पाणी येत नाही, का? तिथून सुरुवात झाली आणि दोन वीकएंड वायपरच्या इतिहासात गेले. आज त्याचीच गोष्ट सांगतो.

गंमत म्हणजे या इतिहासातली पहिलीच भेट झाली ती पाऊस, रात्र आणि सायकल याच तीन पात्रांशी. अमेरिकेत बफेलो गावी जॉन ओइशाय नावाचा एक गृहस्थ होता, नाटकाच्या थिएटरचा मॅनेजर. 1917च्या सुमारास एका पावसाळी रात्री गाडी चालवताना त्याची एका सायकलस्वाराला धडक बसली. सायकलवाला सुदैवाने बचावला, पण ओइशायच्या मनातून ते जाईना. त्याच गावात एकाने हाताने ओढायची रबरी पट्टी बनवली होती, 'रेन रबर' नावाची. ओइशायने ती विकायला घेतली, कंपनी काढली, आणि तीच पुढे ट्रायको या नावाने वायपरमधली जगातली एक मोठी कंपनी झाली. हे वाचलं तेव्हा मी लॅपटॉप बंद करून थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभा राहिलो. त्याने कंपनी काढली, मी निदान गाडी तरी दुरुस्त करावी, नाही का?

पण वायपर त्याच्याही आधीचा. 1902-03च्या हिवाळ्यात अलाबामातल्या बर्मिंगहॅम गावच्या मेरी अँडरसनबाई न्यूयॉर्कला आल्या होत्या. ट्रॅममधून जाताना त्यांनी पाहिलं की बाहेर बर्फमिश्रित पाऊस चालू आहे आणि ड्रायव्हर समोरच्या काचेची झडप उघडी टाकून बसलाय. काच बंद केली तर दिसत नाही, उघडी ठेवली तर तोंडावर बर्फ. बाकीच्या प्रवाशांनी हेही पाहिलंच असणार, रोजच पाहत असणार. बाईंनी मात्र घरी जाऊन चित्र काढलं: काचेवर रबराची पट्टी लावलेला एक दांडा, आतमध्ये हाताने फिरवायची मूठ, आणि दांडा काचेला दाबून राहावा म्हणून एक वजन. उन्हाळ्यात सगळं काढून ठेवता येईल अशी सोय. 10 नोव्हेंबर 1903ला पेटंट मिळालं, सतरा वर्षांसाठी.

1905मध्ये त्यांनी कॅनडातल्या एका कंपनीला ते विकायचा प्रयत्न केला. उत्तर आलं की यात विकत घेण्याजोगं व्यापारी मूल्य आम्हाला दिसत नाही. आता कंपनीला हसायचं तर हसा, पण फोर्डची मॉडेल टी यायलाही अजून तीन वर्षं होती. रस्त्यावर गाड्याच नाहीत तर वायपर कोण घेणार? पेटंट 1920 साली संपलं, आणि 1922मध्ये कॅडिलॅकने वायपर प्रत्येक गाडीवर द्यायला सुरुवात केली. टायमिंग म्हणतात ते हे! बाईंना त्यातून एक पैसा मिळाला नाही. 1953मध्ये, सत्त्याऐंशीव्या वर्षी त्या वारल्या. तिकडच्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये त्यांचं नाव लागलं ते 2011 साली.

वायपर यायच्या आधी लोक काय करत? तर काचेवर कापलेला कांदा किंवा गाजर घासत, म्हणजे तेलकट थर बसून पाणी ओघळून जाई. हे वाचून मला फिस्सकन हसू आलं, कारण लहानपणी माझे काका कोकणात जाताना वायपर रुसला की खिशातली तंबाखूची पुडी काढून ती ओल्या काचेवर चोळायचे. काकू म्हणायची, "काचेला तरी सोडा!" तेव्हा वाटायचं काकांचा काहीतरी अडाणीपणा आहे. असो, काकांची माफी मागायला हवी.

मधली तीस-चाळीस वर्षं पटकन सांगतो. हाताने फिरवायचा वायपर गेला आणि व्हॅक्यूमवर चालणारा आला. इंजिन हवा आत ओढतं तेव्हा नळीत जी पोकळी तयार होते तिच्यावरच वायपर चालवायचा, वेगळी मोटर नको, वीज नको. कल्पना झकास. पण ॲक्सिलरेटर दाबला की ती पोकळी कमी होते. म्हणजे सपाटीवर पाय सोडला की वायपर धावतोय, आणि चढावर पाय दाबला की वायपर आळसावला. खंबाटकीचा चढ, समोर ट्रक, वरून धो धो पाऊस, आणि नेमका तेव्हाच वायपर मधे थांबलाय असं डोळ्यांसमोर आणा! आश्चर्य म्हणजे अमेरिकेत असे वायपर असलेल्या नव्या गाड्या 1970च्या आसपासपर्यंत मिळत होत्या. विजेच्या मोटरचा वायपर तोवर बराच जुना झालेला होता. जे चालतंय ते कशाला बदला, हा रोग फक्त आपल्याच ऑफिसात नाही.

आता खरा हीरो. (की खलनायक? की वेडा? वाचा आणि तुम्हीच ठरवा.)

रॉबर्ट कर्न्स. जन्म 1927. डेट्रॉइटचा इंजिनिअर, वेन स्टेट युनिव्हर्सिटीत शिकवायचा. 1953मध्ये लग्नाच्या रात्री शॅम्पेनची बाटली उघडताना बूच उडून त्याच्या डाव्या डोळ्यावर आपटलं आणि तो डोळा जवळजवळ गेला. दहा वर्षांनी, 1963 साली, तो आपल्या फोर्ड गॅलक्सीतून रिमझिम पावसात चालला होता. तेव्हाच्या वायपरला दोनच वेग, हळू आणि जोरात. रिमझिम असेल तर हळूसुद्धा जास्त होतं. काच कोरडी पडते, रबर कुरकुरतं, आणि ती सततची हालचाल बघून शाबूत डोळाही दमतो. कर्न्सच्या मनात आलं की पापणी अशी सारखी कुठे फिरते? ती मिटते, उघडते, थांबते. मग वायपरने का थांबू नये?

घराच्या तळघरात बसून त्याने सर्किट बनवलं. ज्यांनी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सचा पेपर कसाबसा सोडवला त्यांच्यासाठी सोप्यात सांगतो. कपॅसिटर म्हणजे विजेची बादली. रेझिस्टर म्हणजे अर्धवट उघडलेला नळ. नळातून बादली हळूहळू भरते, एका खुणेपर्यंत भरली की ट्रान्झिस्टर नावाचा पहारेकरी जागा होऊन मोटरला वीज सोडतो. वायपर एक फेरी मारून जागेवर येतो, तिथला स्विच मोटर बंद करतो, आणि बादली पुन्हा पहिल्यापासून भरायला लागते. नळ कमी-जास्त उघडायला ड्रायव्हरपुढे एक बटण. झालं! फिरणारा एकही जास्तीचा भाग नाही.

त्याने आपली गाडी फोर्डच्या लोकांना नेऊन दाखवली. त्यांचे इंजिनिअर याच प्रश्नावर व्हॅक्यूम वापरून झगडत होते. त्यांनी खूप प्रश्न विचारले. वायपर किती फेऱ्या टिकला पाहिजे याचा आकडा सांगितला, तीस लाख. कर्न्सने घरी माशांच्या काचेच्या टाकीत तेल आणि लाकडाचा भुसा भरून त्यात वायपर महिनोन्महिने चालवला आणि तीस लाख फेऱ्या पूर्ण केल्या. डिसेंबर 1964मध्ये पेटंटचा अर्ज, 1967मध्ये पेटंट मंजूर. मधेच फोर्डने कळवलं की आम्ही आमचं स्वतःचं डिझाईन केलंय, आभारी आहोत. 1969मध्ये फोर्डच्या गाड्यांवर थांबत थांबत चालणारे इलेक्ट्रॉनिक वायपर आले. मग हळूहळू सगळ्यांच्याच.

कर्न्स तोवर दुसरीकडे नोकरीला लागला होता. 1976 साली एका मर्सिडीजच्या वायपरचं सर्किट त्याच्या हाती आलं. त्याने ते उघडलं, आणि आतमध्ये त्याला स्वतःचंच डिझाईन दिसलं. माणूस कोलमडला. अक्षरशः. घर सोडून निघून गेला, पोलिसांना सापडला, काही आठवडे मनोरुग्णालयात काढले. बाहेर आला तो एकच ध्यास घेऊन. 1978मध्ये फोर्डवर खटला, 1982मध्ये क्रायस्लरवर, मग जनरल मोटर्स आणि युरोप-जपानच्या कंपन्यांवरसुद्धा.

कंपन्यांचा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे. ते म्हणाले, कपॅसिटर जुना, रेझिस्टर जुना, ट्रान्झिस्टर जुना, यात नवीन काय? हे वाचून मी चिडलोच. उद्या कुणी म्हणेल, तुझ्या प्रोग्रॅममध्ये 'इफ' जुना, 'व्हाईल' जुना, पगार कशाचा मागतोस? पण न्यायाने दुसरी बाजूही सांगायला हवी. थांबत चालणाऱ्या वायपरची कल्पना एकट्या कर्न्सचीच होती असं नाही. इंग्लंडमध्ये लुकस कंपनीच्या जॉन अमोस या इंजिनिअरने 1961मध्येच अशा इलेक्ट्रॉनिक वायपरच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. एकच प्रश्न सगळ्यांना पडलेला असला की उत्तरंही चार ठिकाणी उगवतात. म्हणून कर्न्सचं काम चोरायला हरकत नाही असं थोडंच होतं?

1990मध्ये ज्युरीने निकाल दिला: फोर्डने पेटंटचा भंग केला, पण जाणूनबुजून नाही. शेवटी एक कोटी दोन लाख डॉलरवर तडजोड झाली. त्याआधी फोर्डने याहून कितीतरी जास्त देऊ केले होते आणि कर्न्सने ते धुडकावले होते, कारण त्याला पैसे नको होते. त्याला कंपनीने कबूल करायला हवं होतं, आणि वायपर स्वतःच्या कारखान्यात बनवायचे होते. क्रायस्लरच्या वेळी तर वकिलांना काढून टाकून हा गडी स्वतःच कोर्टात उभा राहिला, 1992मध्ये जिंकला, आणि व्याज धरून सुमारे तीन कोटी डॉलर मिळाले. आणि बाकीच्या कंपन्या? तिथे कागदपत्रं मुदतीत दाखल केली नाहीत म्हणून खटले निकालात निघाले. डेडलाईन! तीस लाख फेऱ्या मोजणारा माणूस डेडलाईनला हरला.

दरम्यान लग्न मोडलं होतं, नोकरी गेली होती, सहा मुलांनी आपापली तरुणपणची वर्षं बापाच्या फायली लावण्यात घालवली होती. 2005मध्ये कर्न्स गेला. 2008मध्ये त्याच्यावर 'फ्लॅश ऑफ जीनियस' नावाचा सिनेमा आला. शेवटच्या काळात त्याच्याकडे दोन जुनाट गाड्या होत्या, एक 1978ची फोर्ड आणि एक 1965ची क्रायस्लर. दोन्हींत थांबत चालणारा वायपर नव्हता.

मी प्रामाणिकपणे सांगतो, मला हे जमलं नसतं. एका जुन्या नोकरीत मी मीटिंगमध्ये मांडलेली कल्पना दोन महिन्यांनी वरच्या साहेबाच्या स्लाईडवर, त्यांच्या नावाने पाहिली होती. मी काय केलं? कँटीनमध्ये मित्राला दोन शिव्या ऐकवल्या (साहेबाच्या), कटिंग प्यायलो आणि जागेवर येऊन बसलो. घराचा हप्ता होता ना! कर्न्सलाही घर होतं. शहाणा कोण, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

बरं, आता माझ्या मागच्या काचेकडे येऊ.

मागचा वायपर सगळ्या गाड्यांना का नसतो, हा प्रश्न तुम्हाला पडलाय का कधी? सेडानला बहुधा नसतो, हॅचबॅकला आणि एसयूव्हीला असतो (आपल्याकडे अनेकदा फक्त वरच्या व्हेरिएंटला, कारण आपण मागे बघतो ते पैसे देऊन). कारण हवेत आहे. सेडानचं छत मागे उतरत जातं, वारा त्याला चिकटून वाहतो आणि काचेवरचं पाणी झाडून नेतो. हॅचबॅकचं छत एकदम तुटतं, कड्यासारखं. वारा सरळ पुढे निघून जातो आणि मागे कमी दाबाचा एक भोवरा तयार होतो. चाकांनी उडवलेला चिखल तो भोवरा वर ओढतो आणि काचेवर नेऊन लावतो. म्हणजे माझी गाडी स्वतःच चिखल उचलून स्वतःच्याच पाठीला फासते! स्टेशन वॅगनवाल्यांना हा त्रास आधीपासूनच, म्हणून व्होल्वोने 1969मध्ये आपल्या 145 वॅगनला मागे वायपर दिला. स्वीडनच्याच साबने तर पुढच्या वर्षी हेडलाईटलासुद्धा वायपर लावले. बर्फातल्या लोकांना घाण काचेची किंमत जास्त कळत असावी.

दुसऱ्या दिवशी गाडी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला नेली. टाय लावलेल्या मुलाने टॅबवर टकटक करून सांगितलं, "सर, मागचा पंप गेलाय. मोटरपण चेक करावी लागेल." आकडा ऐकला आणि म्हटलं, विचार करून सांगतो. मग शनिवारी आमच्या गल्लीच्या तोंडाशी गॅरेज असलेल्या मिस्त्रींकडे गेलो. पंप गेल्याचं सांगितलं. ते बॉनेट उघडून म्हणाले, "साहेब, पुढच्या काचेला पाणी येतं?"

"येतं की."

"मग पंप कसा गेला? पंप एकच आहे."

मी चक्रावलो. मागे वेगळी टाकी, वेगळा पंप असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. मिस्त्रींनी दाखवलं. टाकी एकच, पुढे. तिच्या बुडाला अंगठ्याएवढा पंप, त्याला दोन तोंडं. मोटर सुलटी फिरली की एका तोंडातून पाणी पुढच्या काचेला, उलटी फिरली की दुसऱ्या तोंडातून मागे. कांडी पुढे-मागे करताना आपण फक्त प्लस-मायनसची अदलाबदल करत असतो. ज्या बाजूला दाब कमी, ती बाजू आतला रबरी पडदा बंद करून टाकतो. एकाच मोटरवर दोन कामं! असा कोड मी लिहिला असता तर रिव्ह्यूमध्ये शाबासकी मिळाली असती.

(सगळ्या गाड्यांत असंच असतं असं नाही. काहींत खरोखरच दोन पंप असतात.)

मिस्त्रींनी मला कांडी दाबून धरायला सांगितलं. घुंऽऽ असा आवाज आला, म्हणजे पंप फिरतोय. "पाणी निघालंय, पोचत नाहीये," ते म्हणाले. ते पाणी पुढून निघतं, पातळ नळीतून गालिच्याखालून किंवा छताच्या अस्तरामागून सगळी गाडी ओलांडतं, आणि शेवटी डिकीच्या दारात शिरतं. नळीत एक छोटा व्हॉल्व्ह असतो, पाणी परत मागे वाहून जाऊ नये म्हणून. नाहीतर दर वेळी अख्खी नळी भरेपर्यंत कांडी दाबून बसा. सगळ्यात नाजूक जागा म्हणजे दाराच्या बिजागरीपाशी. तिथे काळ्या रबराची घड्याघड्यांची एक बाही असते, तिच्यातून वायरी आणि ही नळी दारात जाते. दार हजार वेळा उघडा-मिटा, नळी हजार वेळा वाकणार.

मिस्त्रींनी ती रबरी बाही ओढून काढली आणि आतून भसकन पाणी त्यांच्या हातावर आलं. नळी जोडावरून निसटली होती. गेले कित्येक महिने मी कांडी दाबतोय आणि पाणी डिकीच्या अस्तरात मुरतंय. डिकीत येणाऱ्या कुबट वासाबद्दल मी उगाच बायकोच्या योगा मॅटला दोष देत होतो.

नळीचं झिजलेलं टोक बोटभर कापलं, पुन्हा जोडावर चढवलं, वर छोटी क्लिप. जाता जाता त्यांनी डिकीच्या दाराचं आतलं प्लास्टिक उघडून वायपरची मोटरही दाखवली, मी विचारलं म्हणून. मोटर गोल फिरते, तिच्यावरचा आटे असलेला दांडा एक दातेरी चाक हळू फिरवतो, आणि चाकाला जोडलेला लोखंडी हात वायपरला इकडून तिकडे झुलवतो. चाकावर तांब्याची एक पट्टी, तिच्यात एका जागी खाच. बटण कुठेही बंद करा, ती खाच येईपर्यंत वीज चालूच राहते, म्हणून वायपर बरोबर आपल्या जागी येऊन झोपतो. मधला थांबा आता कपॅसिटरची बादली मोजत नाही, बहुतेक गाड्यांत ते काम एका छोट्या कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर करतं. म्हणजे कर्न्सची पापणी शेवटी आमच्याच बिरादरीच्या हातात आली.

पैसे किती, विचारलं तर मिस्त्री म्हणाले, "क्लिपचे वीस द्या. बाकी काय, पाणीच तर सांडलं." मी जबरदस्तीने दोनशे दिले आणि वर चहा पाजला.

काल पुन्हा पाऊस होता. पार्किंगमध्ये रिव्हर्स टाकायच्या आधी कांडी दाबली. मागच्या काचेवर फवारा उडाला, वायपर एकदा गेला, एकदा आला, आणि त्या अर्धगोलातून वॉचमनकाका दिसले. हातातल्या छत्रीने 'या, या' करत होते. मी तरीसुद्धा खाली उतरून एकदा मागे बघून आलो.